न काढलेल्या तिकिटाचें बक्षीस

चार वर्षांपूर्वींची भाऊबीज. आमच्या घरीं दरवर्षींप्रमाणें नातलगमंडळी जमली होती. फराळ आटोपला होता, आणि करमणुकीचा विषय म्हणून आम्हीं त्याच सकाळीं आमच्या मोबाइलवर आलेलें एक इंग्रजी पत्र सर्वांना मोठ्यानें वाचून दाखविलें. कोणा परदेशस्थ लॉटरी-मंडळाच्या चिटणीसानें आम्हांस अत्यंत आदरपूर्वक कळविलें होतें कीं, आमच्या दूरध्वनि-क्रमांकास पंचवीस लक्ष रुपयांचें बक्षीस लागलें असून तें रवाना करण्यापूर्वीं किरकोळ कचेरी-खर्च तेवढा आमच्याकडून यावयाचा आहे. आम्हीं तिकीट काढलें नव्हतें. त्या मंडळाचें नांवहि कधीं ऐकलें नव्हतें. पत्रांत व्याकरणाच्या सतरा चुका होत्या. इंग्रजीचे अध्यापक या नात्यानें आम्ही त्या एकेक करून दाखवीत गेलों आणि मंडळी पोट धरून हंसत गेली. "असल्या पत्राला भुलणारीं माणसें जगांत असतात तरी कोठें?" असें कोणीसें म्हणालें, आणि आम्हींहि मान डोलविली. एकटे आमचे अण्णामामा हंसले नाहींत. चाळीस वर्षें हायस्कुलांत गणित शिकविलेला हा मनुष्य. संभवनीयतेचा सिद्धांत आम्हांस प्रथम त्यांनींच फांशांच्या खेळावरून समजावून दिला होता. रुमालानें चष्मा पुशीत त्यांनीं एवढेंच विचारलें, "पण समजा, ती कचेरी खरी असली तर?"

मंडळींनीं हा विनोदच समजला आणि हंशाची आणखी एक लाट उठली. त्या प्रश्नाकडे आम्ही पुढें येऊंच. आधीं ज्या पत्राला आम्ही हंसलों त्याची वंशावळ पाहूं. कारण मागाहून शोध घेतां तें पत्र आम्ही समजत होतों त्याहून पुष्कळच जुनें आणि कुलीन निघालें.

या कुळांतला आम्हांस नीट ओळखूं येणारा मूळपुरुष पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील तुरुंगांत भेटतो. त्याची ओळख करून देणारा गृहस्थहि कांहीं कमी नामांकित नव्हे. विदोक हा प्रथम अट्टल कैदी, अनेकदां तुरुंग फोडून पळालेला, आणि पुढें पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा मुख्य. इ. स. १८२८ पासून त्याच्या आठवणी प्रसिद्ध होऊं लागल्या. त्यांना मीठमसाला बराच लागला आहे हें खरें. परंतु तुरुंगांतल्या धंद्यांची जी माहिती त्यानें दिली आहे ती अनुभवाची आहे, आणि तींतच 'जेरुसलेमचीं पत्रें' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका उद्योगाचें वर्णन येतें. कैदी लोक प्रांतोप्रांतींच्या सधन गृहस्थांस पत्रें लिहीत. लिहिणारा स्वतःस कोणा मार्क्विझचा इमानी सेवक म्हणवी. राज्यक्रांतीच्या धामधुमींत धनी व चाकर देश सोडून पळाले. वाटेंत पाठलाग झाला, म्हणून सोन्यानें व हिऱ्यांनीं भरलेली पेटी आपल्याच गांवाच्या आसपास लपवावी लागली. पुढें ती नेण्यासाठीं सेवक परत आला तों त्याला पकडण्यांत आलें. आणि आतां या अंधारकोठडींत आपल्या प्रामाणिकपणाची कीर्ति कानीं आल्यामुळें तो आपणांस शरण येत आहे, असा त्या पत्राचा थाट असे. पेटी काढून देण्यास तो एका पायावर तयार! मात्र ठिकाणाचा नकाशा हातीं येण्यापूर्वीं थोडीशी नड भागविली पाहिजे.

विदोक म्हणतो कीं, असल्या दर शंभर पत्रांपैकीं वीस पत्रांस उत्तर येत असे. हा आंकडा वाचून आम्ही कांहीं वेळ स्वस्थ बसून राहिलों. शंभरांत वीस! आणि हीं पत्रें कांहीं रस्त्यावरच्या भोळ्याभाबड्यांस जात नव्हतीं. तुरुंगांत जो जो नवा कैदी येई त्याला त्याच्या प्रांतांतल्या पैसेवाल्यांचीं नांवें विचारून घेत आणि त्यांची यादी करीत. ही यादीच त्या धंद्याचें खरें भांडवल. कागद, शाई व कल्पना हीं तुरुंगांत फुकटचीं. फसणारांत पॅरिसचे नागरिकहि होते. एक कापडव्यापारी तर खुद्द पाँ नफ या पुलाची कमान पोखरतांना सांपडला. तिच्यांत एका डचेसचे हिरे पुरले आहेत अशी त्याची खात्री झाली होती. त्या मनुष्यास कापडाचा पोत बोटाला कळत असेल, गिऱ्हाइकाची पत चेहऱ्यावरून कळत असेल. तरीहि तो राजधानीच्या मध्यभागीं हातांत हत्यार घेऊन पूल फोडीत होता. त्याला मूर्ख म्हणून आपण मोकळे होतों, पण मग तो इतकीं वर्षें दुकान कसें चालवीत होता याचा उलगडा होत नाहीं.

पुढें याच पत्रानें स्पेनचा आश्रय घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं इंग्लंड-अमेरिकेंतल्या व्यापाऱ्यांस व धर्मोपदेशकांस स्पेनमधील एका कैद्याचीं पत्रें येत. तोहि श्रीमंत, तोहि निरपराध. त्याची पेटी कोठेंतरी अडकून पडलेली. आणि शिवाय त्याला एक उपवर, पोरकी होऊं पाहणारी कन्या. (सेवकाच्या जागीं कन्या आणणें ही त्या काळच्या कादंबऱ्यांची करामत असावी.) तिचें पालकत्व स्वीकारावें आणि द्रव्याचा तिसरा हिस्सा घ्यावा, एवढीच विनंति. या आवृत्तींत दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, गुप्ततेची अट: कोणास सांगूं नये, नाहीं तर कैद्याचा जीव जाईल. दुसरी, पेटी सोडवून आणण्यांत कायद्याला थोडी बगल द्यावी लागे. त्यामुळें पैसे गेले तरी फिर्याद नेण्यास तोंड उरत नसे. फसलेला मनुष्य आपण होऊन गप्प बसेल अशी व्यवस्था ज्यानें प्रथम शोधून काढली, तो या धंद्याचा खरा शास्त्रकार होय.

परंतु कैद्याच्या पत्राचें बक्षिसाचें पत्र कसें झालें हें समजण्यास खऱ्या लॉटरीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. खोटें नाणें चालतें तें खऱ्या नाण्याच्या पुण्याईवर, आणि बक्षिसाच्या कागदाला ही पुण्याई मिळवून दिली ती राजेलोकांनीं. इ. स. १५६७ मध्यें एलिझाबेथ राणीनें बंदरांच्या दुरुस्तीसाठीं लॉटरी जाहीर केली. दहा दहा शिलिंगांचीं चार लक्ष तिकिटें. सोडत १५६९ त सेंट पॉलच्या देवळाच्या दाराशीं जानेवारीपासून मेपर्यंत चालली. लोक तिकिटें घेण्यास बिचकत होते, म्हणून त्यांस चांदीचीं भांडीं व भरजरी पडदे यांचीं आमिषें दाखवावीं लागलीं. तिकीट घेणारास किरकोळ गुन्ह्यांसाठीं सात दिवस पकडलें जाणार नाहीं, अशीहि सवलत देण्यांत आली. पुढें १६९४ त युद्धखर्चासाठीं इंग्रज सरकारनें दहा पौंडांचीं एक लक्ष तिकिटें काढून दहा लक्ष पौंड उभे केले, आणि तेथून सव्वाशें वर्षांवर लॉटरी हें त्या सरकारच्या उत्पन्नाचें एक अंगच होऊन बसलें. हेन्री फील्डिंगनें १७३२ त 'दि लॉटरी' नांवाचें प्रहसन लिहिलें. त्यांतली नायिका आपणांपाशीं दहा हजार पौंड आहेत असें खुशाल सांगते. वस्तुतः तिच्यापाशीं असतें फक्त एक तिकीट. प्रेक्षक हंसले असतील. आणि नाटक सुटल्यावर त्यांतले कित्येक तिकीट-दलालाच्या दुकानावरूनच घरीं गेले असतील!

लंडनच्या गिल्डहॉलमध्यें होणारा सोडतीचा समारंभ वर्णनीय असे. दोन मोठीं चक्रें. एकांत क्रमांकांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यांत बक्षिसांच्या व कोऱ्या. चिठ्ठ्या काढण्यास ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेंतलीं निळ्या अंगरख्याचीं मुलें आणीत; कारण मुलाचा हात निष्पाप, अशी समजूत. स्पेनमध्येंहि १७७१ पासून सान इल्देफोन्सो या शाळेचीं मुलें हेंच काम करीत आलीं आहेत व आजहि नाताळच्या सोडतीचे आंकडे तीं गाऊन सांगतात. लंडनांत मात्र त्या निष्पाप हाताला १७७५ त डाग लागला. ज्यांना पुरतें तिकीट परवडत नसे ते एखादा क्रमांक अमक्या दिवशीं निघेल अशी लहानशी पैज दलालांकडे लावीत. तिला 'विमा' म्हणत. कोणा एका गृहस्थानें चिठ्ठी काढणाऱ्या मुलास वश करून एक क्रमांक लपविण्यास शिकविलें, आणि तो कोणत्या दिवशीं निघणार हें आधींच ठाऊक असल्यामुळें गांवभर त्याच्यावर विमे उतरले. हें उघडकीस आल्यावर खजिन्याच्या अधिकाऱ्यांनीं हुकूम काढला तो असा: मुलाच्या अंगरख्याच्या बाह्या व छाती घट्ट बटणें लावून बंद करावी, खिसे शिवून टाकावे, हात तपासावे, डावा हात पाठीमागें कमरपट्ट्यांत अडकवावा व उजव्या हाताचीं बोटें पसरलेलीं ठेवावीं. एका पोराच्या दोन हातांवर राज्याची अब्रू तोललेली होती, आणि सरकारला तें कळत होतें. लोकांनीं त्या समारंभावरून जो धडा घेतला तो निराळाच. चक्र, शिक्का, सही, साक्षीदार, क्रमांक हीं दिसलीं म्हणजे व्यवहार खरा, ही संवय दीडशें वर्षें त्यांच्या हाडीं मुरली. १८०८ त पार्लमेंटच्या समितीनें लॉटरीचे दुष्परिणाम वेशीवर टांगले, १८२६ त शेवटची सोडत झाली. लॉटरी गेली, संवय राहिली.

आपल्याकडेहि ही संवय सरकारनेंच लाविली. कलकत्त्याचा टाउन हॉल १८१३ त पुरा झाला तो लॉटरीच्या पैशांवर, आणि १८१७ त नेमलेल्या लॉटरी-कमिटीनें पुढच्या वीस वर्षांत स्ट्रँड रोड, कॉलेज स्ट्रीट असे त्या शहराचे प्रमुख रस्ते बांधून काढले. आपले रस्ते बांधून झाल्यावर सरकारास लॉटरीची अनीति दिसूं लागली. १८४४ च्या कायद्यानें सरकारी परवानगीवांचूनच्या सर्व लॉटऱ्या बंद झाल्या व १८७० त असली कचेरी चालविणें हा दंडसंहितेखालीं गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर केरळ सरकारनें १९६७ त पुन्हां लॉटरी सुरू केली. एक रुपयाचें तिकीट, पन्नास हजारांचें पहिलें बक्षीस, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ ची. या लॉटऱ्या खऱ्या होत्या याबद्दल आमचा वाद नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, "सरकारी सोडत, क्रमांक अमुक" हे शब्द वाचतांच सज्जन मनुष्याच्या मनांत जो एक आज्ञाधारक विश्वास जागा होतो, तो त्याच्या लोभांतून आलेला नसतो; तो त्याच्या नागरिकत्वांतून आलेला असतो, आणि भामटा नेमका तोच उसना घेतो.

प्रतिष्ठेची ही उसनवारी कोठवर जाते याचीं अमेरिकेंत दोन ठळक उदाहरणें सांपडतात. पहिलें थोडक्यांत सांगूं. लुइझियाना लॉटरी कंपनीला १८६८ त सनद मिळाली. तिच्या सोडतींवर देखरेख करण्यास बोरेगार्ड व अर्ली असे यादवी युद्धांतले दोन नामांकित सेनापति पगार देऊन बसविलेले असत, आणि पडद्याआड विधिमंडळांतले सभासद विकत घेतलेले असत. अखेर १८९० त मध्यवर्ती सरकारनें टपालाचे दरवाजे बंद केले तेव्हां ती मोडकळीस आली. दुसरें उदाहरण जास्त मनन करण्यासारखें आहे. ऑस्कर हार्टझेल हा आयोवा प्रांतांतला एक शेतकरी. इंग्लंडचा दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक १५९६ त निपुत्रिक वारला. त्याच्या अफाट संपत्तीचा निकाल अद्याप लागलेला नसून खऱ्या वारसाशीं आपला करार झाला आहे, दाव्याच्या खर्चाला एक डॉलर देईल त्यास पांचशें डॉलर मिळतील, अशी बतावणी करून यानें पंधरा-वीस वर्षें हजारों कुटुंबांकडून वर्गणी जमविली व स्वतः लंडनांत अमीरासारखा राहिला. विशेष हें कीं, ही युक्ति त्याची नव्हती. त्याच्या आईचे पैसे असल्याच एका ड्रेक-मंडळींत गेले होते. त्यांचा माग काढतां काढतां त्यानें धंदाच शिकून घेतला.

हार्टझेलच्या वर्गणीदारांवर शपथेचें बंधन असे. जो बोलेल त्याचें नांव यादींतून जाईल. त्यामुळें शेजारी शेजाऱ्याजवळ बोलेना, आणि एकाच गल्लींतले दोघे आपापल्या गुप्त धनाची वाट पाहत एकमेकांस नमस्कार करीत राहिले. १९३३ त इंग्रज सरकारनें त्याला हांकून दिलें, अमेरिकेंत खटला झाला आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. ड्रेकचें मृत्युपत्र तीन शतकांपूर्वींच रीतसर शाबीत झालें आहे, वांटावयास कांहींहि शिल्लक नाहीं, असें न्यायालयांत दाखविण्यांत आलें. एवढ्यानें लोकांचे डोळे उघडले असतील असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. त्याच्या जामिनाला व वकिलाला त्याच वर्गणीदारांनीं पैसे दिले; सरकारनें त्याला पकडलें तें दावा खरा आहे म्हणूनच, असा त्यांनीं तर्क केला. आम्ही त्यांस हंसूं शकत नाहीं. तें महामंदीचें वर्ष होतें. खऱ्या बँका, ज्यांचीं दारें पितळेचीं व खांब संगमरवरी, पटापट बंद पडत होत्या. ज्या राष्ट्रांत खरी बँक बुडते तेथें खोट्या वारशावर विश्वास ठेवणें हें कितपत वेडेपणाचें, हा प्रश्न इतिहासकारानें सोपा समजूं नये. शिवाय दुसरें एक कारण आहे. ज्यानें दहा वर्षें पैसे भरले त्याला "हें खोटें होतें" असें म्हणणें म्हणजे आपलीं दहा वर्षें खोटीं होतीं असें कबूल करणें. त्यापेक्षां आणखी एक हप्ता स्वस्त पडतो.

यापुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. म्हणून घाईनें सांगितला तरी चालेल. १९८० नंतर नायजेरियांतून टपालानें व फॅक्सनें, आणि पुढें ई-मेलनें, मंत्र्यांच्या व सेनापतींच्या अडकलेल्या कोट्यवधि डॉलरांचीं पत्रें निघालीं. त्या देशाच्या दंडसंहितेंतील ४१९ व्या कलमावरून त्यांचें बारसें झालें. मग कैदी आणि मंत्री दोघेहि मागें पडले व बक्षीस पुढें आलें. स्पेनची राष्ट्रीय लॉटरी १८१२ पासूनची. तिच्या नाताळच्या सोडतीचें लोकप्रिय नांव वापरून जगभर पत्रें गेलीं. ज्या देशाच्या नांवावर पूर्वीं कैदी खपला, त्याच्याच नांवावर आतां बक्षीस खपूं लागलें. जमेकांत तर म्हाताऱ्या अमेरिकन लोकांच्या नांवांच्या याद्या विकत मिळूं लागल्या, त्यांवरून मारामाऱ्या व खून पडले, आणि २०१३ त त्या सरकारला यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. बिसेत्रच्या कैद्यांची यादी वाचकांस आठवत असेलच.

आमच्या त्या सतरा चुकांचा उलगडाहि याच सुमारास झालेला होता; आम्हांसच त्याचा पत्ता नव्हता. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधन-विभागांतील कॉर्मक हर्ली यांनीं २०१२ त एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, पत्रांतला ढोबळ अविश्वसनीयपणा हा अडाणीपणा नसून चाळणी आहे. लाख पत्रें पाठविण्यास खर्च जवळजवळ नाहीं. खर्च आहे तो उत्तर देणाराशीं पुढें महिनोन् महिने बोलत बसण्याचा. तेव्हां जो अखेर पैसे देणार नाहीं त्यानें पहिल्या ओळींतच हंसून पत्र फेंकून द्यावें, हेंच पाठविणारास सोयीचें. म्हणजे भाऊबीजेच्या दिवशीं आम्हीं जें चातुर्य दाखविलें तें त्या चिटणीसाच्या हिशेबांत आधींच धरलेलें होतें. तें पत्र आमच्यासाठीं नव्हतेंच. आम्हांस तें चुकतमाकत आलें होतें. आमच्या घरांतल्या दुसऱ्या मनुष्याला आलेलें पत्र निराळें होतें, आणि त्यांत एकहि चूक नव्हती.

येथें कामापुरता व्यवहार सांगून टाकतों, कारण हा मजकूर घरांतल्या वडीलधाऱ्यांनींहि वाचावा अशी आमची इच्छा आहे. तिकीट काढल्याशिवाय सोडतींत नांव जात नाहीं. रोख बक्षिसावरचा कर देणारा त्याच रकमेंतून कापून घेऊन उरलेले पैसे देतो. तो आधीं भरा, मग बक्षीस मिळेल, असें सांगणारा भामटा होय. परदेशी लॉटरीचें तिकीट घेण्यासाठीं येथून पैसे पाठविण्यास परकीय चलनाच्या कायद्यानेंच मनाई आहे. रिझर्व्ह बँक कोणाहि खासगी व्यक्तीचें खातें ठेवीत नाहीं व बक्षिसाचे पैसे कोणासाठीं अडकवून ठेवीत नाहीं. तिच्या नांवाचा कागद आला तर तो खोटा समजावा. व्हॉट्सअ‍ॅपवर दूरदर्शनवरील एखाद्या लोकप्रिय प्रश्नोत्तर-कार्यक्रमाचें चित्र लावून जें बक्षीस येतें त्याचीहि हीच गत. "कोणास सांगूं नका" हे शब्द आले कीं, सगळ्यांत आधीं घरांत सांगावें. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावें. पहिल्या कांहीं तासांत ती रक्कम वाटेंत थोपविण्याचा संभव असतो. आणि गेलेले पैसे परत मिळवून देतों असें म्हणणारा जो दुसरा मनुष्य कांहीं दिवसांनीं फोन करतो, तो बहुधा पहिल्याच टोळीचा असतो. कारण तुमचें नांव आतां यादींत आहे.

ही शेवटची गोष्ट आम्हांस पुस्तकांतून कळलेली नाहीं. त्या भाऊबीजेनंतरच्या ज्येष्ठांत अण्णामामा वारले. दिवसकार्य आटोपल्यावर मामींनीं आम्हांस बोलावून कपाटांतली एक वही पुढें ठेविली व म्हणाल्या, "अरे, यांचें एवढें येणें कोणाकडून आहे तें बघ तरी. वसूल होईल का?" वहीच्या वरच्या बाजूस मामांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरांत 'येणें' असा मथळा होता. आंत पत्रें, पावत्या, सारें तारीखवार लावलेलें. श्रावणांत त्यांना टपालानें एक जाड लखोटा आला होता. आंत एका मोठ्या दुकानाच्या नांवाचें खरडून पाहावयाचें कार्ड, बारा लक्षांची मोटार, गोल शिक्का, दोन सह्या, आणि निर्दोष हिंदी. मामांनीं त्या दुकानांतून खरोखरच पूर्वीं एक मिक्सर मागविला होता. प्रथम नोंदणीशुल्क ८,५०० रुपये. मग वाहनाच्या कागदपत्रांचे ३६,०००. मग कर. कराच्या आंकड्यांत त्या लोकांनीं चूक केली होती. अठरा टक्क्यांनीं २,१६,००० व्हावयाचे ते त्यांनीं २,१६,५०० लिहिले होते. मामांनीं ती चूक काढून पत्र लिहिलें. उलट टपालीं क्षमा मागणारें व दुरुस्त केलेलें पत्र आलें, त्यावरहि शिक्का. गणिताच्या मास्तराला याहून मोठा पुरावा कोणता द्यावा? कराची रक्कम त्यांनीं चौपन्न हजारांच्या चार हप्त्यांनीं भरली. त्यावर विम्याचे २१,५००. पौषांत एका 'अधिकाऱ्या'चा फोन आला, टोळी पकडली आहे, पैसे परत मिळतील, त्यासाठीं १५,०००. तेहि भरलेले. एकूण २,९७,०००. बेरीज बरोबर होती. आम्हीं दोनदां करून पाहिली.

मामांचें घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतें. फिरावयास जातांना ते रोज आमच्या दारावरून जात आणि आठवड्यांतून दोनदां तरी चहाला येत. या दहा महिन्यांत त्यांनीं आमच्यापाशीं अवाक्षर काढलें नाहीं, असें आम्ही मामींना म्हणालों. मग वहीचें पान उलटतांना भाऊबीजेची तारीख दिसली. तोंवर तीन हप्ते गेले होते, चौथा राहिला होता. त्या तारखेपुढें रकमेच्या रकान्यांत आडवी रेघ मारलेली होती, आणि तपशिलाच्या रकान्यांत आमचें नांव घालून दोनच शब्द लिहिलेले होते: 'विचारलें. हंसले.' खालच्या ओळींत दुसऱ्या दिवशींची तारीख, आणि पुढें ५४,०००.